आशियातली न्यूज वेबसाइट: भरवसा किती, वाचक किती?

मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या सुमारास, पाकिस्तानचे उपपंतप्रधान इशाक दार यांनी तिथल्या सिनेटमध्ये ब्रिटनच्या ‘डेली टेलिग्राफ’चा हवाला देत आपल्या हवाई दलाचं कौतुक केलं. ज्या पानाच्या जोरावर हे चाललं होतं ते पान बनावट होतं. ‘टेलिग्राफ’ने तसं काही छापलंच नव्हतं. ही गोष्ट चव्हाट्यावर आणली पाकिस्तानातल्याच ‘डॉन’ या वृत्तपत्राने. त्याच दिवसांत भारतातल्या काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं जाहीर केलं. तेही खोटं निघालं.

म्हणजे ओळखीच्या नावाचीही खात्री धरता येत नाही. आशियातल्या बहुतेक ऑनलाइन माध्यमांची तर आपल्याला धड ओळखही नसते. तैवानजवळच्या युद्धसरावाची, म्यानमारमधल्या हवाई हल्ल्याची किंवा मलेशियातल्या घोटाळ्याची लिंक फिरत फिरत मोबाइलवर येते, वर इंग्रजीत भारदस्त नाव असतं आणि खाली ‘दरमहा लाखो वाचक’ असा दावा. अशा वेळी दोन गोष्टी तपासायच्या असतात: ही साइट विश्वास ठेवण्याजोगी आहे का, आणि ती खरोखर कोण वाचतं?

दोन्ही प्रश्नांची गल्लत करू नका

‘एवढे लोक वाचतात म्हणजे काहीतरी तथ्य असणारच’ असं मानण्याकडे आपला कल असतो. उलट, साइट फारशी चालत नसेल तर ती निरुपद्रवी वाटते. दोन्ही अंदाज फसतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने ‘पेपरवॉल’ या नावाने एक जाळं उघड केलं. ३० देशांमधल्या स्थानिक वृत्तपत्रांचं सोंग घेतलेल्या १२३ साइट्स चीनमधून चालवल्या जात होत्या. त्या त्या देशातल्या खऱ्या माध्यमांच्या बातम्या उचलायच्या, त्यात चिनी सरकारी मजकूर मिसळायचा आणि अधूनमधून बीजिंगच्या टीकाकारांवर चिखलफेक करणारा लेख टाकून काही काळाने तो काढून घ्यायचा, अशी पद्धत. या साइट्सना वाचक जवळजवळ नव्हतेच. तरीही धोका होता, कारण असा मजकूर उद्या दुसरं कुणी उचलतं आणि तो ‘एका वृत्तपत्राने म्हटलं आहे’ म्हणून पुढे जातो.

भारताच्या बाजूनेही असाच प्रकार झाल्याचं ब्रसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅब या खोट्या माहितीचा माग काढणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये मांडलं. त्यांच्या अहवालानुसार ७५० हून अधिक बनावट माध्यमं आणि ५५० हून अधिक डोमेन नावं, म्हणजे साइटचे पत्ते, वापरून १५ वर्षं पाकिस्तान आणि चीनविरोधी मजकूर पसरवला जात होता. आपल्या बाजूचा मजकूर आहे म्हणून चाळणी सैल करायची नसते, हे यातून लक्षात घ्यावं.

पैसा कुठून येतो ते आधी बघा

‘आमच्याविषयी’ हे पान उघडा. मालक कंपनीचं नाव, नोंदणीचा पत्ता, संपादकांची नावं आणि संपर्काची सोय या चार गोष्टी तिथे मिळायला हव्यात. कंपनीचं नाव मिळालं की त्या देशाच्या कंपनी नोंदणी कार्यालयात शोधता येतं. हाँगकाँगमध्ये कंपनीज रजिस्ट्री, सिंगापूरमध्ये एक्रा, भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल. नाव आणि पत्त्यासारखी मूलभूत माहिती सहसा फुकट दिसते. संचालकांचे तपशील हवे असतील तर थोडं शुल्क पडू शकतं.

मालकीच्या तऱ्हा अनेक आहेत. ‘ग्लोबल टाइम्स’ हे चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’चं अपत्य. सिंगापूरची सीएनए वाहिनी मीडियाकॉर्पची, आणि मीडियाकॉर्पची मालकी सरकारी गुंतवणूक कंपनी टेमासेककडे. १९०३ मध्ये सुरू झालेलं हाँगकाँगचं ‘साउथ चायना मॉर्निंग पोस्ट’ घेण्याचा सौदा चिनी ई-कॉमर्स कंपनी अलिबाबाने २०१५ मध्ये केला. ‘रेडिओ फ्री एशिया’ अमेरिकी सरकारच्या निधीवर उभी राहिली आणि २०२५ मध्ये तो निधी आटल्यावर तिला आपलं बहुतेक काम गुंडाळावं लागलं. मलेशियाची ‘मलेशियाकिनी’ ही न्यूज वेबसाइट १९९९ पासून आहे आणि २००२ पासून वाचकांकडून वर्गणी घेते.

मालक कळला म्हणजे निकाल लागला असं मात्र नाही. मालकीवरून एवढंच समजतं की नेमक्या कोणत्या विषयावर सावध राहायचं. ‘मॉर्निंग पोस्ट’मधली दक्षिण चीन समुद्रातल्या जहाजांच्या हालचालींची बातमी आणि अलिबाबाविषयीची बातमी यांना वेगवेगळी फूटपट्टी लावावी लागते. सीएनएचं इंडोनेशियातलं वार्तांकन आणि सिंगापूर सरकारबद्दलचं वार्तांकन यांचंही तसंच. ‘हे माध्यम विश्वासार्ह आहे का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘या विषयावर, या देशाबद्दल विश्वासार्ह आहे का?’ असा विचारला तरच त्याचं काही उत्तर देता येतं.

कार्यालय कुठल्या कायद्याखाली आहे?

पत्रकार कितीही चांगला असला तरी त्याला कायद्याच्या चौकटीतच लिहावं लागतं. हाँगकाँगमध्ये २०२० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. जून २०२१ मध्ये ‘अॅपल डेली’ हे तिथलं वृत्तपत्र बंद पडलं, डिसेंबरमध्ये ‘स्टँड न्यूज’ ही साइट. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या वृत्तपत्रस्वातंत्र्य निर्देशांकात हाँगकाँग २०२१ मध्ये ८० व्या क्रमांकावर होतं, २०२२ मध्ये १४८ व्या. सिंगापूरमध्ये २०१९ च्या कायद्याने मंत्र्यांना ऑनलाइन मजकुराखाली सरकारी दुरुस्ती जोडायला लावण्याचा अधिकार दिला. म्यानमारमध्ये लष्करी उठावानंतर मार्च २०२१ मध्ये ‘मिझिमा’, ‘म्यानमार नाऊ’ यांसह पाच माध्यमांचे परवाने रद्द झाले.

त्यामुळे काय छापलं आहे याच्याइतकंच काय छापलेलं नाही तेही महत्त्वाचं. सोपी चाचणी अशी: त्या देशातला एखादा मोठा, सरकारला अडचणीचा विषय घ्या आणि साइटच्या शोधपट्टीत टाका. काहीच येत नाही, की फक्त सरकारी निवेदनं येतात, की दोन्ही बाजू येतात? सुरुवातीच्या उदाहरणात ‘डॉन’चं वजन वाढतं ते इथे. आपल्याच देशाच्या उपपंतप्रधानांचा दावा खोटा आहे हे युद्धज्वराच्या काळात छापणं सोपं नसतं. स्वतःच्या बाजूला न आवडणारी गोष्ट छापण्याची सवय हा विश्वासार्हतेचा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा आहे.

साइटवरच घुटमळू नका, बाहेर पडा

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अशा तीन गटांना अनोळखी साइट्स तपासायला दिल्या. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी साइटवरच रेंगाळले. मांडणी, लोगो, भाषा पाहत राहिले आणि बऱ्याचदा फसले. तथ्यतपासनिसांनी लगेच नव्या टॅब उघडून ‘या साइटबद्दल इतर लोक काय म्हणतात’ ते शोधलं आणि कमी वेळात बरोबर निष्कर्ष काढला. दिसणं आज विकत मिळतं, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही.

बाहेर पडून काय पाहायचं? पहिलं, पत्त्याची पट्टी. खऱ्या वृत्तपत्राच्या नावात एखादं अक्षर बदललेलं किंवा मागचं शेपूट वेगळं असेल तर तिथेच थांबा. दुसरं, डोमेन कधी नोंदलं गेलं. ‘हू-इज’ शोधात तारीख दिसते. ‘१९९८ पासून सेवेत’ म्हणणाऱ्या साइटचं डोमेन मागच्या वर्षीचं असेल तर खुलासा हवा. तिसरं, वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जुनी पानं. बंद पडलेल्या चांगल्या साइटचं डोमेन विकत घेऊन तिच्या पुण्याईवर भलताच मजकूर चालवण्याचे प्रकार होतात. दोन-तीन वर्षांपूर्वी हे पान वेगळ्याच विषयाचं होतं का, ते तिथे कळतं. चौथं, बातमीतलं एक ठळक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तेच वाक्य जसंच्या तसं वीस साइट्सवर असेल तर ते एकतर वृत्तसंस्थेचं आहे किंवा प्रसिद्धिपत्रक. वीस ठिकाणी छापून आलं म्हणून वीस जणांनी खातरजमा केली असं होत नाही. मूळ स्रोत एकच असतो आणि तपासायचा तोच.

पाचवी गोष्ट बहुतेक जण विसरतात: दुरुस्त्यांचं पान. चूक कोणती होती, कधी दुरुस्त केली आणि आधी काय लिहिलं होतं, हे सांगणारी नोंद बातमीच्या तळाशी आहे का ते पाहा. एकही दुरुस्ती नसलेली साइट बिनचूक नसते. ती चुका गुपचूप पुसते.

लेखक तरी खरा आहे का?

मोठ्या माध्यमांच्या भिंतीलाही भगदाड पडतं, आणि ते बहुधा मतप्रदर्शनाच्या पानांवर. बातमीमागे बातमीदार आणि उपसंपादक असतात. बाहेरून आलेल्या लेखाची तेवढी छाननी होत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये एएफपी वृत्तसंस्थेने बांगलादेशच्या तत्कालीन सरकारची भलामण करणाऱ्या लेखांचा माग काढला. किमान ६० वृत्तसाइट्सवर ७०० हून अधिक लेख, ३५ नावांनी. ही सगळी नावं आधीच्या वर्षभरातच पहिल्यांदा उगवलेली. लेखक स्वतःला नामांकित विद्यापीठांशी जोडलेले तज्ज्ञ म्हणवत होते. विद्यापीठांकडे चौकशी केल्यावर त्यातले अनेक जण तिथे नसल्याचं कळलं. काही छायाचित्रं चक्क दुसऱ्याच व्यक्तींची होती. तरी हे लेख चीनच्या शिन्हुआ वृत्तसंस्थेपर्यंत पोचले होते.

अशा लेखाची पारख करायला दोन मिनिटं पुरतात. लेखकाचं नाव विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या साइटवर शोधा. लेखाखालची ओळख हा पुरावा धरू नका. छायाचित्र उलट शोधात टाका, म्हणजे तेच छायाचित्र आणखी कुठे आहे ते कळतं. मग तेच नाव दोन वर्षांपूर्वी कुठे होतं ते बघा. खऱ्या अभ्यासकाच्या मागे शोधनिबंध, परिषदा, जुने लेख असा काहीतरी माग असतोच. एका वर्षात पन्नास लेख आणि त्याआधी शून्य, असं दिसलं तर तो लेख बाजूला ठेवा.

‘वाचक’ म्हणजे नेमकं कोण?

आता दुसरा प्रश्न. इथे चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली खपवल्या जातात. एखाद्या ग्रंथालयाच्या दाराशी मोजणीचं यंत्र बसवलं आहे असं समजा. आत येऊन किती पानं उलटली गेली, त्यांना पेजव्ह्यू म्हणतात. दार किती वेळा उघडलं, त्या झाल्या व्हिजिट्स. वेगवेगळी किती माणसं आली, ते युनिक व्हिजिटर्स. आणि वर्गणी भरून नेमाने येणारे किती, ते सभासद. सर्वांत फुगलेला आकडा पहिला असतो आणि जाहिरातदारांपुढे तोच नाचवला जातो.

‘महिन्याला ३० लाख वाचक’ हा दावा सोडवून पाहू; आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. ३० लाख हे मुळात पेजव्ह्यू निघाले आणि एका भेटीत सरासरी दीड पान पाहिलं जातं, तर भेटी झाल्या २० लाख. प्रत्येक जण महिन्यात दोनदा आला, तर उरले १० लाख. पण यंत्र माणूस ओळखत नाही, ब्राउझर ओळखतं. तुमचा मोबाइल, ऑफिसचा संगणक आणि फेसबुकच्या आतलं ब्राउझर हे त्याच्या लेखी तीन वाचक. दर माणशी सव्वा उपकरण धरलं तरी माणसं झाली ८ लाख. त्यातली निम्मी दहा सेकंदांत मागे फिरली, तर वाचणारे ४ लाख. दावा ३० लाखांचा, आणि तरी यात कुणी खोटं बोललेलं नाही.

यंत्राच्याही खोडी असतात. अॅपलचं सफारी ब्राउझर साइटच्या मोजणी कोडने ठेवलेली कुकी, म्हणजे ओळखीची छोटी खूण, जास्तीत जास्त सात दिवस टिकू देतं. दर दहा दिवसांनी येणारा वाचक त्यामुळे प्रत्येक वेळी ‘नवा’ मोजला जातो. भेटी मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकलेली किंवा दोन पानं पाहिलेली भेट ‘गुंतलेली’ धरतात. जुन्या आवृत्तीत हिशोब निराळा होता आणि ती जुलै २०२३ मध्ये बंद झाली. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या ‘बाउन्स रेट’ची, म्हणजे न गुंतता मागे फिरणाऱ्या भेटींच्या प्रमाणाची, तुलना करणाऱ्या आलेखाला अर्थ नाही.

बाहेरून बघणाऱ्याला सिमिलरवेबसारख्या सेवांचे फुकट आकडे मिळतात. ते अंदाज असतात. काही वापरकर्त्यांचा नमुना आणि इतर स्रोत यांवरून काढलेले. मोठ्या साइट्सची आपसांत तुलना करायला ते बऱ्यापैकी उपयोगी. छोट्या साइटच्या बाबतीत नमुन्यातच मोजकी माणसं येतात, त्यामुळे आकडा पार हुकू शकतो. नेमक्या संख्येपेक्षा तिथे तीन गोष्टी बघा: सहा महिन्यांचा कल, वाचक कोणत्या देशांतले आणि येतात कुठून. थायलंडबद्दल लिहिणाऱ्या साइटचे बहुतेक वाचक अमेरिकेत असतील तर ती थाई जनमताचा आरसा नाही, हे लक्षात घ्यायला हवं. आणि कुणी अजून साइट्सच्या लोकप्रियतेचा क्रम लावणारा ‘अलेक्सा रँक’ दाखवत असेल, तर ती सेवा मे २०२२ मध्येच बंद झाली आहे.

ऑनलाइन आकड्यांवर विश्वास नाही म्हणून छापील खपाकडे वळावं, तर तिथेही गडबडी आहेत. सिंगापूरच्या ‘स्ट्रेट्स टाइम्स’ची मालक एसपीएच मीडिया हिच्या अंतर्गत तपासणीत सप्टेंबर २०२० ते मार्च २०२२ या काळात तिच्या सगळ्या प्रकाशनांचा मिळून रोजचा खप ८५ ते ९५ हजार प्रतींनी, म्हणजे १० ते १२ टक्क्यांनी, फुगवल्याचं निघालं. मुदत संपलेले करार मोजले गेले, काही वर्गण्या दोनदा धरल्या आणि काही प्रती छापून, मोजून नष्ट केल्या. ‘स्ट्रेट्स टाइम्स’ची बातमीदारी यामुळे खोटी ठरत नाही. भरवसा आणि खप वेगळे का तपासायचे, ते इथे नीट दिसतं.

आशियात बरेच वाचक साइटवर येतच नाहीत

दक्षिण कोरियात कितीतरी लोक बातम्या नेव्हरवर वाचतात, जपानमध्ये याहू जपानवर, तैवान आणि थायलंडमध्ये लाइन टुडेवर. मजकूर त्या पोर्टलच्या आतच उघडतो, त्यामुळे मूळ वृत्तपत्राच्या साइटची मोजणी वाढत नाही. टेलिग्राम, व्हॉट्सअॅपवर फिरलेले स्क्रीनशॉट तर कुठेच नोंदले जात नाहीत. कोरियन वृत्तपत्र सिमिलरवेबवर किरकोळ दिसलं म्हणून ते किरकोळ ठरत नाही.

चिनी, जपानी किंवा कोरियन स्रोतातून आलेल्या आकड्यांत आणखी एक खड्डा आहे. तिथे मोजणी दहा हजार आणि दहा कोटी या टप्प्यांनी चालते. इंग्रजीत मिलियन-बिलियन आणि मराठीत लाख-कोटी होताना सहज एक शून्य वाढतं किंवा गळतं. १० लाख म्हणजे एक मिलियन, १०० कोटी म्हणजे एक बिलियन. आकडा डोळ्यांत भरण्याइतका मोठा असेल तर मूळ बातमीपर्यंत जाऊन तो मोजून घ्या.

‘मग सरकारी माध्यमं वाचूच नयेत का?’

जरूर वाचावीत, पण काय म्हणून ते ठरवून. बीजिंगची अधिकृत भूमिका काय, कोणत्या देशाला इशारा दिला जातोय, हे कळायला ‘ग्लोबल टाइम्स’ किंवा शिन्हुआ उपयोगी आहेत. ‘चीनने असं म्हटलं’ याचा ते पुरावा आहेत. ‘असं घडलं’ याला दुसरा, स्वतंत्र आधार लागतो.

‘बातमीला लेखकाचं नावच नाही, म्हणजे बनावट?’

सरसकट नाही. म्यानमारमध्ये नाव छापलं तर बातमीदाराला अटक होऊ शकते. निर्वासनात चालणारी माध्यमं म्हणून नावं राखून ठेवतात. फरक असा की प्रामाणिक माध्यम नाव का दिलं नाही ते सांगतं, संपादक कोण ते उघड असतं आणि बातमीत जागा, तारीख, छायाचित्र असा पडताळता येणारा तपशील असतो. मोकळ्या देशात बसून लेखक, संपादक आणि मालक तिन्ही लपवणाऱ्या साइटला ही सवलत देता येत नाही.

‘रेटिंग देणाऱ्या साइट्स आहेत की!’

आहेत, आणि पहिली पायरी म्हणून ठीक आहेत. पण त्यांतल्या काही अमेरिकेच्या डाव्या-उजव्या पट्टीवर जग मोजतात. एखादं थाई माध्यम लष्कराशी कसं वागतं किंवा फिलिपिन्सचं माध्यम सत्तेतल्या घराण्यांशी कसं वागतं, ते त्या पट्टीवर उमटत नाही. विकिपीडियाच्या संपादकांनी वारंवार वापरल्या जाणाऱ्या स्रोतांची यादी ठेवली आहे. तिथल्या शेऱ्यापेक्षा त्यामागची चर्चा वाचा, कारण तिच्यात नेमक्या चुकांची उदाहरणं असतात. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या वार्षिक डिजिटल न्यूज रिपोर्टमध्ये भारत, जपान, मलेशिया, फिलिपिन्स अशा अनेक आशियाई देशांतल्या माध्यमांवर लोकांचा किती विश्वास आहे ते मिळतं. मात्र भारताचा नमुना इंग्रजी येणाऱ्या ऑनलाइन वाचकांचा असतो, आणि ‘लोकांचा विश्वास’ हे अचूकतेचं मोजमाप नाही. एक्सवरची निळी खूण २०२२ पासून पैसे भरून मिळते, तेव्हा ती विसराच.

‘छोट्या माध्यमाची पत कळणार कशी?’

लोक त्याच्यासाठी पदरचे पैसे घालतात का, यावरून. फेब्रुवारी २०२१ मध्ये मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वाचकांच्या प्रतिक्रियांवरून ‘मलेशियाकिनी’ला ५ लाख रिंगिट दंड ठोठावला. साइटने आवाहन केलं आणि काही तासांत वाचकांनी रक्कम भरून काढली. युनिक व्हिजिटर्सच्या कोणत्याही तक्त्यात हे दिसलं नसतं. म्हणून छोट्या साइटकडे वर्गणीदारांचा आकडा मागा, नूतनीकरण किती जण करतात ते विचारा, आणि तिची कोणती बातमी पुढे एएफपी, रॉयटर्स किंवा जपानच्या क्योदो अशा वृत्तसंस्थेने स्वतः तपासून नावानिशी उचलली ते शोधा.